पाटा घरीच ठेव

अमेरिकेत माणसं बैलगाड्यांनी मुलूख ओलांडून राहायला गेली, हे मला कुवेतमध्ये कळलं. तेव्हापासून मी ते इतक्यांदा सांगितलंय की आमच्या घरातली पोरं मला येताना बघूनच बैलांसारख्या माना हलवतात.

मला ते सांगितलं आमच्या साहेबाने. तेलकंपनीच्या ऑफिसात मी टायपिस्ट, तो अमेरिकन. दुपारी काम मंदावलं की तो टेबलावर पाय टाकून आपल्या पणजीची गोष्ट काढायचा. पणजोबांच्या घरची शेती चार भावांत वाटली गेली आणि वाट्याला आलेल्या तुकड्यात एक कुटुंबही जगेना. तेवढ्यात बातमी आली की पश्चिमेला जमीन आहे, जो कसेल त्याची. निघाले. मी मनात म्हटलं, यात अमेरिकन ते काय? आमचं भाताचं खाचरसुद्धा चार भावांत वाटलं, माझ्या वाट्याला बांध आला. मीही पश्चिमेलाच निघालो. मला फक्त इथे जमीन कोणी देणार नव्हतं.

मी तेव्हा बनेद अल-गारला, समुद्राच्या अंगाला, एका मातीच्या घरात खोली घेतली होती. बायको आणि मुलगी यायची होती म्हणून घेतली. ती निघण्याआधी मी तिला ऐटीत कळवलं होतं, काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. पाटा तर मुळीच नको, घरीच ठेव. टायपिस्टाच्या बायकोने डेकवर धोंडा घेऊन समुद्र ओलांडायचा, हे माझ्या इभ्रतीला शोभेना.

बोट लांब पाण्यात नांगरायची, माणसं लाँचने किनाऱ्याला यायची. ती उतरली तेव्हा चेहरा पिवळा पडलेला, कडेवर मुलगी आणि हातात एकच गाठोडं. माझं ऐकलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. मधला सगळा दिवस तिचा आणि चार भिंतींचा. पलीकडच्या दस्मान भागात आपले रत्नागिरीचे काही लोक होते, पण सगळे एकटे राहणारे, बाईमाणूस एक नाही. शेजारची अरब बाई हसून खजूर द्यायची, ही हसून घ्यायची, तिथे बोलणं संपायचं. वाळू उडायला लागली की मायलेकी दार लावून बसायच्या. मी आलो की मुलगी माझ्या बुटांतली वाळू ओतून घर करायची. तिचा तेवढाच खेळ.

मी ताजं पापलेट आणायचो. ती तळून वाढायची. रोज तळलेलं.

"कालवण नाही?" मी एकदा विचारलं.

"वाटप कशावर वाटू? तुमच्या टाइपरायटरवर?"

सगळं मिळणाऱ्या त्या गावात मी पाटा शोधायला निघालो. दुकानदाराने मला पितळी खलबत्ता दाखवला, दुसऱ्याने धान्य दळायचं गोल जातं. तिसऱ्याला मी भुईवर उकिडवा बसून वाटून दाखवलं, तर त्याने मला पाणी आणून दिलं.

मग एका संध्याकाळी ती ताट पुढे ठेवून म्हणाली, "पुढची बोट कधी आहे ते बघा. आम्ही जातो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

मला भांडण येतं किंवा गोष्ट येते. मी साहेबाची पणजी बाहेर काढली. रोज संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून थोडी थोडी सांगू लागलो. गोष्ट संपेपर्यंत बाई थांबेल, असा माझा हिशेब.

सांगितलं की गाड्यांवर कापडाचं छत असायचं, पण आत माणसं बसत नसत. आत पीठ, खारवलेलं मांस, कॉफी, अवजारं. बैलांना ओझं नको म्हणून माणसं महिनोन् महिने गाडीच्या बाजूने चालायची. गवत उगवल्यावरच निघायचं, नाहीतर बैल उपाशी. आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचं. मुक्कामाला गाड्या गोल लावायच्या आणि गुरं आत घ्यायची.

"म्हणजे गोठाच की," ती म्हणाली.

"त्या माळावर झाड नाही, लाकूड नाही. मग बाया ओच्यात रानरेड्यांचं सुकं शेण गोळा करायच्या, त्यावर रांधायच्या. आधी म्हणे फार लाजायच्या."

"शेणाची कसली लाज?" असं म्हणून ती हसली. कुवेतला आल्यापासून पहिल्यांदा. मी त्या रात्री स्वतःवर इतका खूश होतो की डाळीत मीठ नव्हतं ते मला कळलंच नाही.

पण ती ऐकणारी बाई नव्हती, विचारणारी होती.

"ती जमीन आधी कुणाची होती?"

मी दुसऱ्या दिवशी साहेबाला विचारलं. तो बराच वेळ पाइप पेटवत राहिला. मग म्हणाला, तिथे आधीपासून माणसं राहत होती, त्यांना कोणी विचारलं नाही.

ते घरी सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि बायांना? जायचं का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "पणजी सांगायची की घरात ठरलं तेव्हा ती विहिरीवर होती."

हेही मी जसंच्या तसं घरी आणलं. गोष्टीत मी मीठमसाला भरपूर घालतो, पण तिच्यापुढे ते जमत नसे. मग एके दिवशी सांगितलं, चढ लागला की बैल थकायचे. मग लोक वाटेत सामान टाकायचे. लोखंडी चुली, कपाटं, आज्यांच्या पेट्या. सगळा रस्ता घरांच्या सामानाने भरलेला.

ती मुलीच्या केसांतून बोटं फिरवत होती. "त्यांनी निदान वाटेत टाकलं. मला तुम्ही दारातच टाकायला लावलंत."

मग तिनेच विचारलं, "त्यातलं कोणी परत गेलं का?"

ते मला साहेबाला विचारावं लागलं नाही. त्याने आधीच सांगितलं होतं. "गेले. अर्ध्या वाटेवरून गेले काही."

"मग वळायच्या तर गाड्या," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढच्या बोटीने त्या निघाल्या. लाँचवर चढताना मुलगी माझे बूट मागत होती.

तिने बोटीचं विचारल्यापासून मी स्वस्थ बसलो नव्हतो. मुंबईला जाणाऱ्या एका गलबतावर आमच्या गावचा खलाशी होता, त्याला सगळे मामू म्हणत. त्याला मी पाटा आणायला सांगितलं होतं. पण गलबत वाऱ्याच्या मर्जीने येतं. मामू परतला तेव्हा ती जाऊन बरेच दिवस झाले होते. "घे बाबा तुझा ताजमहाल," म्हणून त्याने धोंडा माझ्या खांद्यावर दिला. बंदरापासून घरापर्यंत मी तो वाहिला. वाटेत तीनदा खाली ठेवला, पण टाकला नाही.

तिला कळवलं नाही. पाटा आला आणि तू गेलीस, हे कुठल्या तोंडाने लिहायचं?

पहिल्या वाटपाला मी मिरचीचा हात डोळ्याला लावला. नंतर जमू लागलं. खोबरं, धणे, मिरची, चिंच. एकट्या माणसाला किती लागणार? पण संध्याकाळी त्या अंगणात दुसरा आवाज नसायचा. वरवंटा फिरत असला की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं.

दोन वर्षांनी ती आली, मुलीला बाप दाखवायला. दोन महिन्यांसाठी, असं तिने आधीच बजावलं होतं. मुलगी मला 'अहो' म्हणाली. मी हसलो, पण ते हसू कुठे ठेवावं ते कळेना.

बायकोची नजर कोपऱ्यात गेली. ती पाट्यापाशी खाली बसली. त्यावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा कधी आला?"

"तू गेलीस त्यानंतर."

"आणि एवढा गुळगुळीत? कोण वाटतं?"

"मी."

"रोज?"

"दुसरं कोण आहे इथे?"

ती पदराने पाट्यावरची वाळू पुसत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "अशा पाट्यावर वाटप वाटलं जात नाही, नुसतं सरकतं. टाकी लावून परत खडबडीत करायला हवा. तुमच्या ह्या सगळं मिळणाऱ्या गावात छिन्नी-हातोडी मिळते का?"

दोन महिन्यांसाठी पाट्याला टाकी कोणी लावत नाही, एवढं मलासुद्धा कळत होतं. मी चपला घातल्या आणि छिन्नी-हातोडी शोधायला निघालो.