गाठ सुटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळून पुढच्या मागण्यांकडे वळते. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझ्या धावण्याचं सांगते. (टाळतेय — कळतंय मला.) शाळेतली नोकरी संपली आणि साठीच्या तोंडावर मी धावायला लागले. हैदराबादेत कुकटपल्लीतल्या आमच्या सोसायटीला करमणूकच झाली. नवरा म्हणाला, भाजीवाल्याच्या गाडीमागे धावतेस तेवढं पुरे की! मी जास्तच पेटले. मला कुणी 'जपून हं काकू' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि ते सगळ्यात गोड आवाजात म्हणायची आमच्याच मजल्यावरची वैशाली. पुण्याहून आलेली, आयटीतली. पोरगी वाईट नाही हो. पण ते 'जपून' माझ्या अंगाला कुसळासारखं टोचायचं.

तर — अंध मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी हुसेनसागरच्या काठाने एक दौड होती. नुसती मौजेची. नंबर नाहीत, बक्षिसं नाहीत. पोचेल त्याला पदक आणि गरम इडल्या. डोळस धावकांच्या जोड्या अंध धावकांशी लावल्या होत्या. माझ्या वाट्याला लताताई आल्या. दिलसुखनगरच्या, साधारण माझ्याच वयाच्या, जन्मापासून अंध. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. घर आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत मुरलेलं मराठी. सरावाच्या पहिल्याच सकाळी हैदराबादी 'हौ' आणि 'नक्को' करत आमचं जमलं.

दोघींच्या मनगटांना जोडणारी एक कापडी पट्टी असायची. ती बांधायचं काम लताताई कुणाला देत नसत. सगळे सुरगाठ मारायचे, त्या निरगाठ मारायच्या. "माझी गाठ सुटत नै बघा," म्हणायच्या. "डब्याचं फडकं, परकराची नाडी, लहानपणापासून सगळं मीच बांधते. डोळे नाहीत तर काय झालं, हात हाय ना?" त्या हातांचा त्यांना किती अभिमान होता! त्यांच्या भावाने त्यांना जन्मभर एकटीला कुठे जाऊ दिलं नाही, ऑफिसातसुद्धा सोडायला-आणायला तोच. या दौडीलाही तो नकोच म्हणत होता. शेवटी तयार झाला, पदक घेताना बघायला शेवटच्या रेषेपाशी उभा राहणार होता. लताताईंना तेवढंच हवं होतं — भावासमोर, स्वतःच्या पायांनी, ती रेषा ओलांडायची.

आता सांगायलाच हवं.

दौडीच्या दिवशी अर्ध्याहून जास्त अंतर आम्ही छान पळालो. मी 'खड्डा', 'चढ', 'डावीकडे' सांगत होते, त्या पाऊल उचलत होत्या. पुढे गर्दी वाढली, स्पीकरचा दणदणाट सुरू झाला, तशा त्या बिचकून हळू झाल्या. पाण्याच्या टेबलाशी थांबलो. तेवढ्यात वैशाली — तीही दौडीत होती — मागून आली, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मस्त काकू! जपून हं!" — आणि गेली पुढे.

लताताई दुसऱ्या हाताने पाणी पीत होत्या. मी माझ्या मनगटावरची गाठ नखांनी उकरली. वेळ लागला, गाठ खरंच पक्की होती. मनात म्हटलं, मनगट काचतंय, म्हणून सोडतेय. स्वतःशीसुद्धा किती सफाईने खोटं बोलतो आपण, नाही? सुटलेलं टोक मुठीत घट्ट धरलं, म्हणजे पट्टी ताणलेली राहील आणि त्यांना कळणार नाही. थोडं अंतर तशीच पळाले. वैशालीची पाठ समोर दिसत होती.

आणि मी मूठ उघडली.

मागून हाक आली. "ताई? अहो ताई, कुठं हाय तुम्ही?" ऐकू आली नाही असं म्हणता आलं असतं, स्पीकर होताच की. पण मला ऐकू आली. पहिलीही, दुसरीही. तिसरीला आवाज कापत होता. मी वळले नाही.

वैशालीला मी गाठलं, मागेही टाकलं. तिने पाहिलंसुद्धा नाही. आपल्याच कानातल्या गाण्यात होती ती.

लताताईंना एका स्वयंसेवकाने गाडीत बसवून आणलं. लोकांचे धक्के खात त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या म्हणे. मनगटाला पट्टी लोंबत होती. भाऊ म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला."  लताताई माझा आवाज ऐकून माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता विचारतील, सोडून का गेलात? त्यांनी विचारलं, "गाठ सुटली का हो?"

मी म्हटलं, "हो, सुटली. गर्दीत कळलंच नाही."

त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली. मग — हे मला सांगवत नाही — माझी माफी मागितली. माझ्या चुकीने तुमची दौड खराब झाली, म्हणाल्या. माझ्या गळ्यात पदक होतं.

त्यानंतर त्या पळाल्या नाहीत. घरात काही बांधायचं असलं की आता भावजय बांधते. मी अधूनमधून जाते त्यांच्याकडे. का जाते, मला माहीत नाही. चांगुलपणा म्हणून तर नक्कीच नाही.

परवा गेले होते. भावजय बाहेर गेली होती, म्हणून माझ्यासाठी ठेवलेले लाडू लताताईंनीच फडक्यात बांधले. बांधून झाल्यावर दोन्ही हातांनी पुरचुंडी माझ्यापुढे धरली. "जरा ओढून बघा हो. माझ्या हाताचा आता भरवसा नै."

मी ओढून बघितली. हलली नाही. त्या मान किंचित कलती करून वाट बघत होत्या.

"पक्की आहे," मी म्हटलं. त्या दिवशीचीही पक्की होती, ती मी सोडली — हे म्हटलं नाही. लाडू घेतले आणि घरी आले.