प्रत्येक ढिगातनं तीन

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या बाईंइतकं डोकं फिरलेलं माणूस अख्ख्या चिखलीत दुसरं सापडायचं नाही. बाई नांदेडकडच्या, चाळिशीच्या, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कामाला. आपल्या मर्जीनं काही निवडायचं नाही, हे त्यांचं व्रत. भाजीवाल्याच्या ढिगात डोळे मिटून हात घालणार. तो म्हणायचा, "ताई, भाजी घेताय का सोडत काढताय?" पाण्याची बोंब झाली तेव्हा मीटिंगमध्ये ओरडणाऱ्यांचं ऐकायचं सोडून बाईंनी प्रत्येक मजल्यावरची दोन घरं कॉम्प्युटरकडनं काढली आणि तिथंच जाऊन विचारलं. त्यातल्या एका घराला कुलूप, तर माणसं गावावरनं येईपर्यंत चार दिवस थांबल्या! सगळे हसले, मी नाही. चाकणला कंपनीत तपासणीवाला पेटीतले वरचेच नग बघायचा, म्हणून आम्ही चांगले नग वर रचायचो. निवडणारा कसा फसतो ते मला ठाऊक.

आमची मंडळी यंदा गेली. तिला लिहायला येत नव्हतं, म्हणून मोबाइलवर बोलून निरोप धाडायची. पाच-सहा वर्षांचे शेकडो निरोप. पण मी ऐकायचो शेवटचे दोनच, दवाखान्यातले, धाप लागलेले. इतक्यांदा ऐकले की तिचा धड आवाजच आठवेना. बाई एकदा ते ऐकून जिन्यात थांबल्या. "काका, काय करायलाव? रोज तेच ते?"

म्हणलं, "ढिगात वर तेच हायत. खाली जायचं धाडस न्हाई."

"मग तुम्ही निवडूच नका. मशीनला निवडू द्या."

रविवारी लॅपटॉप घेऊन आल्या. चार ओळींचा कोड लिहिला: वर्षावर्षाचे ढीग कर, प्रत्येक ढिगातनं कुठलेही तीन निरोप उचल. पहिलाच वाजला, "अवो, डबा हितंच ऱ्हायला की! डोकं तरी नेलंय का?" आवाज कसा, खणखणीत. मी हसलो आणि हसता हसता रडायलाच लागलो.

मशीन यंदाच्या ढिगापाशी अडलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, इथं दोनच आहेत. तीन कुठून काढंल? त्यातलाच एक परत उचलू देऊ का?"

परत परत उचलण्यातच माझे महिने गेले होते.

"नको," म्हणलं. "दोन हायत, दोनच राहू द्या."

बाईंनी दोनच ठेवले. लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवायला आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. ती गेल्यापासनं तिथं माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. आत डबे वाजले. बरं वाटलं.