आईने घासलेलं पदक

चिंचेचा आंबट वास आला की मला ते पितळी पदक आठवतं. अकोल्याच्या जुन्या शहरात एका भंगाराच्या दुकानात ते मला सापडलं होतं. एका बाजूला एका सेनापतीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ज्या बंगल्यातून त्याने युद्ध चालवलं तो बंगला. अशी स्मृतिपदकं मी कॉलेजात आल्यापासून जमवत होतो, आणि हे त्यातलं सगळ्यात जुनं. अमरावतीला आमच्या सरांकडे मोठा संग्रह होता. त्यांना दाखवायला नेणार म्हणून आईने ते चिंच आणि राख लावून सणाच्या भांड्यासारखं लख्ख घासून दिलं. सरांनी ते बोटांत फिरवलं आणि हसले. "अरे, हा काय गडू आहे? इतक्या वर्षांचा थर गेला, आता याला काही किंमत नाही. राहू दे इथेच, मुलांना चूक दाखवायला कामी येईल." परत मागायचा मला धीर झाला नाही. पुढे कॉलेजात सरांच्या संग्रहाचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मी आईला आमच्या गावाहून, भातकुलीहून मुद्दाम घेऊन आलो. काळपट पदकांच्या मधोमध, वेगळ्या मखमलीवर, ते एकटंच चमकत होतं. खाली सरांचं नाव होतं आणि 'दुर्मिळ' असं लिहिलं होतं. आईने काचेवर बोट टेकवलं. "पाह्य, मी घासलेलं कसं चमकून राहिलं! बारीक अक्षर मले दिसत नाई. तुयं नाव लिवलं न रे खाली?" मी "हो" म्हणालो. अजूनही घरी कोणी आलं की आई हे कौतुकाने सांगते, आणि मी उठून अंगणात जातो.