झाकणावरचं नाव

गल्लीत सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. दुकान एवढंसं, पण शिस्त अशी की एक स्क्रू इकडचा तिकडे झाला तरी काकांचा दिवस बिघडायचा. सुटे भाग ठेवायला त्यांच्याकडे काचेच्या झाकणांच्या चपट्या डब्या होत्या. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ते बजावत, की नाव डबीच्या बुडावर लिहायचं, झाकणावर कधीच नाही. झाकणं बदलली की खेळ खलास.

हाच शहाणा माणूस घरी मात्र झाकणावर नावं लिहून बसला. का, तर ओट्यावर ठेवलेल्या डब्या वरूनच वाचता याव्यात म्हणून.

डब्या होत्या बायकोच्या गोळ्यांच्या. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळ्या गावाची बाई. सोरायसिसनं बाईंना वीस वर्षं पिडलं होतं. मलमांनी कोपरांवरची कातडी इतकी पातळ झाली होती की टेबलाची कड घासली तरी रक्त यायचं. शेवटी डॉक्टरांनी जालीम गोळी दिली, आठवड्यातून एकदाच, रविवारी. आणि तिचा त्रास सोसावा म्हणून बाकीचे सहा दिवस एक साधी गोळी. तरी सोमवारी बाईंना अन्नाचा वास नकोसा व्हायचा. फळ्याकडे तोंड करून त्या उमासे गिळायच्या. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. दर महिन्याला रक्त तपासायचं. पण चट्टे गेले! तीन महिन्यांनी बाई पहिल्यांदाच अर्ध्या बाह्यांत वर्गावर गेल्या, तर पहिलीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, हे हात नवीन आणले?" घरी येऊन ते सांगताना बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारक्या. एका रविवारी काकांनी डब्या धुतल्या, नवी पाकिटं फोडून गोळ्या ओतल्या आणि झाकणं लावली. पण एकीचं दुसरीला.

त्या सोमवारी बाईंना मळमळलं नाही. "अंगवळणी पडली बघ गोळी," काका खुशीत म्हणाले. मंगळवारी मात्र मळमळलं. बुधवारीही. गुरुवारी तोंडाची आग आग झाली आणि शुक्रवारी जिभेवर, गालांच्या आत पांढरे फोड उठले. तोंड येऊ शकतं असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून दोघांनी मिठाच्या गुळण्यांवर भागवलं.

शनिवारी सकाळी बाईंचं अंग तापानं फणफणलं होतं. घोटभर पाणीही गिळवेना. गोळी अर्धी करून द्यावी म्हणून काका ओट्याशी गेले. साध्या गोळीला मधोमध रेघ असते, तिथं ती तुटते. या गोळीवर रेघ सापडेना. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. रेघ नव्हतीच. दुसरी डबी उघडली, तर तिथल्या झाडून सगळ्या गोळ्यांना रेघ.

काकांनी बोटांवर दिवस मोजले. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी आठच्या ठोक्याला, त्यांनी आपल्या हातानं बायकोला जालीम गोळी दिली होती.

"अगं, माझ्या हातून डब्यांची झाकणं बदलली," ते कसंबसं म्हणाले. "पाच दिवस तुला ती गोळी गेली."

तेवढ्यात दवाखान्यात न्यायला बोलावलेला बाईंचा धाकटा भाऊ गाडी घेऊन दारात आला, आणि बोलणं तिथंच राहिलं. या मेव्हण्याचं आणि काकांचं कधी पटलं नव्हतं. 'दाजींना वाटतं, जगात चुकतात ते बाकीचे,' असं तो चारचौघांत म्हणायचा. आणि खोटं कशाला बोला, काकांना तसं वाटायचंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंच्या तोंडात टॉर्च मारला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळी रविवारीच घेतलीत ना? एकदाच?"

मेव्हणा पलंगाशी उभा होता. बाईंनी एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"हो," त्या फोडांतून म्हणाल्या. "एकदाच."

"मग हा संसर्ग असेल. रक्त पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत वाट बघू."

डॉक्टर दाराकडे वळल्या. बायकोनं काकांची अब्रू झाकली होती, तीसुद्धा एकशे तीन तापात, आणि त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. क्षणभर, कबूल करायला लाज वाटते, पण क्षणभर त्यांना ते बरं वाटलं.

"डॉक्टर, थांबा!" ते ओरडलेच. "ती खोटं बोलतेय. रोज दिली मी. पाच दिवस. चूक माझी आहे."

डॉक्टर गर्रकन वळल्या. "पाच? नक्की?"

"नक्की. आज दिली नाही."

मग एकच धावपळ उडाली. उतारा म्हणून इंजेक्शन आलं, सलाइन लागलं. "बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाल्या. "दोन दिवस वाट बघितली असती, तर हातात काही राहिलं नसतं." मेव्हणा काकांना एक शब्द बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना हलकं वाटलं असतं.

चार दिवस बाईंच्या रक्तातल्या पेशी खाली खाली जात होत्या. काका बाकावर बसून प्रत्येक रिपोर्ट वाचायचे आणि त्यातलं काही कळायचं नाही. पाचव्या दिवशी आकडा थांबला, सहाव्या दिवशी चढला. दहाव्या दिवशी बाई भातावर मीठ मागायला लागल्या, आणि काकांनी देवाला, डॉक्टरांना आणि स्वयंपाक्याला हात जोडले.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की ती गोळी आता कायमची बंद. चट्टे परत येतील, मग दुसरं काही बघू. बाईंनी मान हलवली आणि त्या अर्ध्या बाहीतून बाहेर आलेला हात जरा वेळ बघत राहिल्या.

"मला का रागावत नाहीस?" काकांनी विचारलं. "त्या दिवशी उलट माझ्यासाठी खोटं बोललीस."

"तापात होते मी," बाई म्हणाल्या.

नर्स घरी घ्यायच्या औषधांची पिशवी घेऊन आली. सवयीनं काकांनी हात पुढे केला. त्यांच्या हाताच्या वरून बाईंचा हात आला, सुकलेला, सलाइनच्या सुया टोचून काळानिळा झालेला.

"माझ्याकडे द्या," बाई नर्सला म्हणाल्या. "यापुढे माझी औषधं मी बघेन."

आवाजात राग नव्हता. काका भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, एकेक पाकीट काढून नाव वाचलं, परत आत ठेवलं, आणि काकांचं रडणं आटोपेपर्यंत त्या थांबल्या.