जपानी पाहुणीच्या नूडल्स

वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास करायला आलेली एक जपानी विद्यार्थिनी आमच्या घरी राहत होती. एका रविवारी ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आज सगळ्यांसाठी मी नूडल्स करते." तिनं मैदा मळायला घेतला, पण पाणी जास्त झालं.

सासरे गेल्यापासून सासूबाई स्वयंपाकघरात फिरकल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्या दारात येऊन थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई सैल झालं गं. सरक, मी मळते."

मग दोघींनी मिळून नूडल्स कापल्या. मला त्यांचा रस्सा अळणीच लागला, पण सासूबाईंनी तो पुन्हा वाढून घेतला.

"उद्या तुला भाकरी शिकवते," त्या तिला म्हणाल्या.

सकाळी मी उठले, तर त्या ज्वारीच्या पिठाचा डबा काढून तिची वाट बघत बसल्या होत्या.