देवी डाव्या हातानं आशीर्वाद देत न्हाय

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. मंगळवारच्या आरतीवरनं नुकतीच घरी आलेय, चप्पलसुद्धा काढली नाही, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आईला काय होतंय तेच कळत नव्हतं. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला जाते ती. जेवण दुप्पट, पण अंगाला काय लागेना. थंडीतही पंखा पाहिजे, छाती धडधडायची, डोळे मोठे दिसायला लागलेले. आरती करताना हात एवढा थरथरायचा की ताटातली वाटी वाजायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वारं यायलंय तिच्या अंगात. डोळ्यांत तेज बघ की." झालं, बायका आईच्या पाया पडायला लागल्या. आई म्हणायची, "कसली देवी, मला नुसता घाम येतोय." कोण ऐकतंय? पण ती झिजत चाललेली बघून मी देवीलाच विचारायचे, तू आईच्या अंगात आलीयस का आईला न्यायला आलीयस?

मग एका मंगळवारी देवळात सकाळच्या आरतीत आईच्या हातनं ताट पडलं. ती खाली बसली, तोंडातनं अर्धे अर्धे आवाज. "देवी बोलतीय, गप बसा," काकू म्हणाल्या, आणि पाया पडायला रांगच लागली. आई डावा हात वर करून काहीतरी सांगायला बघत होती आणि बायका त्याच हाताखाली डोकं घालत होत्या.

तेवढ्यात जोगवा मागायला आलेली एक आराधीण पुढं आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आमच्यातलं कोणीच तिला ओळखत नव्हतं. ती म्हणाली, "कुठली देवी डाव्या हातानं आशीर्वाद देती गं?" तिनं आईचा उजवा हात उचलून सोडला. तो धपकन मांडीवर पडला. "माझ्या अंगात इतकी वर्षं येतीय, मला शिकवू नका. हे दुखणं हाय. रिक्षा आणा." आराधीणच म्हणतीय म्हटल्यावर काकूच रिक्षा बघायला पळाल्या.

रिक्षात ती आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यात कळलं, मेंदूत रक्ताची गुठळी. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले आणि लगेच इंजेक्शन दिलं. पण बीपी नाही, शुगर नाही, मग गुठळी आली कुठनं? आईचा गळा आणि डोळे बघून त्यांनी थायरॉइड तपासलं. ते लई वाढलेलं. त्यानं हृदयाचे ठोके बिघडले, तिथं गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. घाम, थरथर, डोळ्यातलं तेज, सगळं त्याचंच.

आईचं पहिलं धड वाक्य काय असेल? "त्या बाईला चहा तरी पाजलास का?" मी रडता रडता हसले. ती बाई कधीच निघून गेली होती. तेव्हापासनं मी दर मंगळवारी थर्मास घेऊनच देवळात जाते.

आणि आज ती आली. आईनं उजव्या हातानं आरती केली, वाटी एकदाही वाजली नाही. मग त्याच हातानं तिला चहा दिला आणि पाया पडायला वाकली. तर तिनंच आपलं डोकं पुढं केलं. "ठेव आता उजवा हात."

देवी त्या दिवशी आली होतीच की, फक्त आम्ही तिला दुसऱ्याच अंगात शोधत होतो. आता तिला अशी ये, तशी ये म्हणत नाही मी. नुसतं ये म्हणते.

तुमच्याकडं झालंय का असं, तुम्ही एका दाराकडं बघत बसलात आणि ती दुसऱ्याच दारानं आत आली?