दुसरा डबा

लेक नेव्हीत निघाला तेव्हा मी त्याला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. माझा धाकटा भाऊ कयाधूच्या पुरात वाहून गेला. त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही.

"काम कुठलंबी कर, पण पाय जमिनीवर पाहिजेत," मी म्हणाले.

"व्हय आई. मी विमानं दुरुस्त करणारा. विमान वर जातं, मी खालीच."

त्याची स्क्वॉड्रन समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांची. सुट्टी संपवून तो पुसेगावहून निघायचा त्या दिवशी मी धपाटे करायची. एक डबा त्याचा, दुसरा विमानात बसणाऱ्या पोरांचा. आठ-आठ तास खाली नुसतं पाणी, असं तोच सांगायचा. मला त्या पोरांच्या आयांची कीव यायची. शेजारणीला म्हणायची, "कशा झोपत असतील गं त्या बाया?" नवरा तंबाखू मळत ऐकायचा.

मागच्या वर्षी जुनी विमानं सेवेतून काढली. त्या कार्यक्रमाला घरच्यांना बोलावलं होतं; नवरा, सून आणि मी गेलो. एका साहेबानं स्क्वॉड्रनची सगळी कहाणी सांगितली. आधी काम एकच, पाण्याखालची पाणबुडी हुडकायची. मग वादळात भरकटलेले मच्छीमार शोधायचे, चोरट्या बोटींवर नजर ठेवायची. पुढं तर समुद्र सोडून डोंगरावरच्या सरहद्दीची टेहळणीही केली. मी कौतुकानं ऐकत होते.

जेवणाच्या वेळी दुसरा एक मराठी साहेब माझ्या पाया पडला. म्हणाला, "काकू, तुमचे धपाटे आम्ही समुद्रावर खाल्लेत. उडताना यंत्रं बघायला तुमचा मुलगाच असायचा. आधी सगळ्यांना वाटायचा, मग स्वतः खायचा."

साहेबाची माणसात गफलत झाली, असं मला वाटलं. त्यानं भिंतीवरचा फोटो दाखवला. विमानाच्या पंखाखाली पाच-सहा जण, उडतानाचे कपडे घातलेले. मधे माझा लेक. हातात माझा डबा, झाकणाला पोचा पडलेला.

लेक ताटात बघत होता. नवराही.

"कवापासून?" मी विचारलं.

"तिसऱ्या वर्षापासून."

"बापाला कवा सांगितलं?"

"तवाच."

सून म्हणाली, "आई, तुमच्या जिवाला तकलीफ नको म्हणून..."

"तू गप. तुलाबी ठाऊक होतं."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आयांची कीव करत होते आणि माझ्याच घरची माणसं ते नुसती बघत होती.

परतीच्या गाडीत नवरा म्हणाला, "सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती का?"

"तुमाला लागली?"

"न्हाई."

"मग दोघं जागलो असतो."



आता नवी विमानं आली आहेत. लेक फोनवर म्हणतो, "आई, आता खरंच खाली हाय. नव्या पोरांना शिकवून राहिलो." मागं विमानाची घरघर असते. मी बरं म्हणते. खरं बोलत असेलही. पण पहिल्या वेळीही तो याच आवाजात बोलला होता.

परवा सुट्टी संपवून निघाला. ओट्यावर एकच डबा बघून त्यानं विचारलं, "दुसरा काहून न्हाई?"

"त्या पोरांना त्यांच्या आया हाईत," मी म्हणाले. "हा तुझा. कुठं बसून खातोस ते मला सांगू नको."